रायापूरच्या मान टाकलेल्या कोंबड्या

हुबळीहून परत आल्यापासून सांगलीत जो भेटतो तो एकच विचारतो, "धारवाडचा पेढा आणला का?" नाही आणला. लोक धारवाडहून डबा आणतात, मी धारवाडला डबा घेऊन गेले होते, आणि त्यात काय होतं ते ऐकलंत तर तुम्हीही पुढे काही दिवस पेढ्याचं नाव काढणार नाही. तरी सांगते. फोनवर प्रत्येकाला वेगळं सांगून माझं तोंड दुखलं, म्हणून एकदाच लिहून टाकते.

मी जनावरांची डॉक्टर. आता निवृत्त आहे, पण नोकरीतली बरीचशी वर्षं कोंबड्यांत गेली. माझी थोरली बहीण, आमची अक्का, हुबळीत दिलेली. शाळेतून निवृत्त झाल्यावर तिनं रायापूरला त्यांचा प्लॉट होता तिथं गावठी कोंबड्यांची शेड घातली. वेळ जात नाही म्हणून सुरू केलं आणि बघता बघता तीनेकशे कोंबड्या झाल्या. तिचा सगळा जीव तिथं. तर गेल्या महिन्यात तिचा फोन आला. "सुधी, कोंबड्या मान टाकून बसतात ग. दुसऱ्या दिवशी मरतात. शनिवारी गाडी येते, सगळ्या विकून शेड बंद करायची म्हणून ठरवून सोडलं यांनी."

आजारी कोंबड्या विकायच्या! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मिरजेहून मिळेल ती गाडी पकडली.

विद्यानगर, बुधवार

आमच्याकडे आजारी जनावराच्या घरी डॉक्टर आला की आधी त्याला गोठ्यात नेतात, चहा नंतर. हुबळीत उलटं आहे. विद्यानगरात अक्काच्या दारात पाय ठेवल्यापासून मी कोंबड्यांचं विचारत होते आणि ती दोघं मला खायला घालत होती. आधी पोहे. मग ज्वारीची पातळ भाकरी, भरली वांगी, शेंगाचटणी, वर दही. सगळं उत्तम होतं, त्याबद्दल तक्रार नाही. पण मी घास घेताना एक प्रश्न विचारायची आणि उत्तरादाखल ताटात आणखी एक भाकरी पडायची.

"अक्का, पहिली कोंबडी कधी मेली?"

"आधी जेव की. सांगते. कोंबड्या कुठं पळून जातात काय?"

"त्यांचे पाय चालतात तरी का पळून जायला?"

"तेच की ग! पायच आधी जातात," असं म्हणून तिनं डोळ्यांना पदर लावला, आणि मला पुढं विचारवेना.

भावजी म्हणजे अक्काचे यजमान. हयातभर वकिली केली, त्यामुळं साध्या वाक्यालाही ते बाजू मांडल्यासारखी सुरुवात करतात. "माझं म्हणणं विचारशील तर दोष खाद्याचा आहे. अमरगोळच्या शिवाजीअण्णाकडचा मका. पूर्वीचं खाद्य होतं तोवर कोंबड्या धडधाकट, त्याचं सुरू झालं आणि मरायला लागल्या. आणखी काय पुरावा पाहिजे?" मी म्हटलं, पुरावा कोंबडीच्या पोटात असतो, एक मेलेली कोंबडी द्या. अक्का लगेच ताटं उचलायला लागली. हे घर इतकं शाकाहारी आहे की तीनशे कोंबड्या असूनही अंडं कधी उंबरठ्याच्या आत आलेलं नाही. अंडी रायापूरहून परस्पर दुकानांत जातात.

"चिरायचं वगैरे आपल्या जागेत नको," भावजी म्हणाले. "त्या अंगणात खेळलेल्या आहेत त्या."

मी हात टेकले आणि झोपायला गेले.

रायापूर

हुबळी-धारवाड हे एकच गाव आहे असं कागदावर म्हणतात, पण सकाळी हुबळीतून निघालं की रायापूर येईपर्यंत हवेत फरक पडतो. हुबळीचा धुराळा मागं राहतो, माती तांबूस दिसायला लागते, आंब्याची झाडं येतात. रस्त्याच्या मधोमध बससाठी वेगळी वाट आखलेली आहे आणि तिथून बस झपाट्यानं जाते. आमची मोटार मात्र भावजी चालवत होते. ते रिकाम्या रस्त्यावरही हॉर्न वाजवतात आणि बोलताना गाडी हळू करतात, आणि बोलणं काही थांबत नाही.

शेड पाहून माझा राग थोडा निवळला. जाळी नीट, जमिनीवर कोरडं भुसकट, पाणी स्वच्छ. अंगण मोठं, कुंपणाच्या कडेनं नारळाची नवी रोपं, आळी अशी सुबक बांधलेली की कुणीही कौतुक करावं. संध्याकाळी कोंबड्यांना अंगणात मोकळं सोडायचं, असा अक्काचा नेम. शाळेतल्या पोरींसारख्या त्या तिच्या मागं मागं फिरतात.

आजारी कोंबड्या एका कोपऱ्यात होत्या. काहींचे पाय लुळे पडलेले, काहींचे पंखही सैल, आणि चार-पाच जणींनी मान सरळ भुईवर टाकलेली. डोळे अर्धे मिटलेले. झोपल्यासारख्या वाटत होत्या, पण अक्काचा आवाज आला की पापणी हलायची, म्हणजे आतून सगळं कळत होतं. मी हातमोजे घालून एक उचलली तर बोटांत पिसांचा झुबका आला. पिसं इतकी सैल.

"मानमोडी आहे म्हणून सगळे सांगतात," अक्का म्हणाली.

मानमोडी! कोंबडीच्या मानेला काही झालं की आपल्याकडे लहानथोर सगळे डोळे झाकून मानमोडी म्हणतात आणि लस आणायला धावतात. नोकरीत हेच सांगत आले, आता पुन्हा सांगते. मानमोडीत मान पिळवटते, कोंबडी आभाळाकडे बघत गोल फिरते, धापा टाकते, हिरवं शेण पडतं. कधी जिवाणू कानात किंवा मेंदूत शिरले तरी मान कलते. इथं मान पिळलेलीही नव्हती आणि कललेलीही नव्हती. ओल्या फडक्यासारखी खाली लोंबत होती. मेंदू जागा, पण मेंदूचा हुकूम स्नायूंपर्यंत पोचत नाही. एक जिवाणू असा आहे की तो स्वतः आत शिरून काही करत नाही, त्याचं विष मज्जातंतूंना गप्प करतं. मला त्याचाच संशय आला. पण विष कोंबडीच्या पोटात जाणार कुठून? खाणं कोरडं, पाणी ताजं. आणि चिरून बघायला परवानगी नाही.

"मग आज मेलेली कोंबडी धारवाडच्या प्रयोगशाळेत घेऊन जाते," मी म्हटलं. सकाळीच एक गेली होती.

"जा की," भावजी म्हणाले. "मोटारीत मात्र नको. आणि आधी अमरगोळला जाऊ या. शिवाजीअण्णाला तुझ्या तोंडून ऐकू दे."

मेलेली कोंबडी घरच्या फ्रिजमध्ये ठेवण्याचा विषयच नव्हता. शेवटी मी रस्त्यावरच्या उसाच्या रसाच्या गाड्यावरून बर्फ आणला, कोंबडी दोन पिशव्यांत घट्ट बांधली आणि थर्मोकोलच्या खोक्यात ठेवून शेडच्या मागं सावलीत झाकली. रसवाला विचारत होता, पाहुणे आलेत काय म्हणून. मी होय म्हटलं.

अमरगोळ

बाजार समितीच्या आवारात मिरच्यांच्या खकाण्यानं डोळ्यांतून पाणी आलं. त्यामुळं भावजींच्या भाषणाचा पहिला भाग मला नीट दिसलाच नाही, ऐकू मात्र आला. शिवाजीअण्णा मूळचे कागलकडचे, तीन पिढ्या हुबळीत. धान्य आणि कोंबडीखाद्य विकतात, कोंबड्याही घेतात. गाडीही तेच पाठवणार होते.

"वकीलसाहेब, माझा मका खाऊन पाचशे लोकांच्या कोंबड्या जगतात, तुमच्याच कशा मेल्या?" अण्णा शांतपणे म्हणाले. "मानमोडी हाय ती. लस घ्या म्हटलं तर घेतली न्हाई. आता मी उचलतो की सगळ्या. तेवढाच तुमचा ताप जातोय."

"माझ्या शब्दांत सांगायचं तर ही सरळ सरळ फसवणूक आहे!" भावजी म्हणाले.

मी मध्ये पडले. अण्णांचा मका हातात घेऊन पाहिला, वास घेतला. कुबट नव्हता, बुरशी नव्हती. तसं मी स्पष्ट सांगितलं. भावजी माझ्याकडे असे बघायला लागले की जणू मी फितूर झाले. आणि अण्णांना सांगितलं, आजारी कोंबडी माणसाच्या ताटात जाऊ द्यायची नाही, शनिवारी गाडी आणू नका. अण्णा हसले. "डॉक्टरीनबाई, शनवारपत्तर काय ते शोधा. न्हाईतर अक्का स्वतःच देत्याल. त्यांना बघवंना झालंय."

ते खरं होतं, म्हणूनच मला जास्त चीड आली. एवढं भांडण होऊनही त्यांनी आम्हाला बसवून चुरमुऱ्यांचं गिरमिट खायला घातलंच. आमच्या सांगलीचं भडंग कुरकुरीत, कोरडं. हे चिंचगुळानं मऊ, वर कच्चा कांदा, सोबत मिरची भजी. भांडणातही भावजींनी दुसऱ्यांदा मागून घेतलं.

धारवाड

शुक्रवारी सकाळी रायापूरला जाऊन खोक्यातला बर्फ बदलला आणि तिथून रिक्षा केली. मोटार घरी उभी होती. रिक्षावाल्याला मी प्रयोगशाळेत ने म्हटलं, आणि त्यानं मला नेऊन रक्त-लघवी तपासायच्या एका दुकानासमोर सोडलं. आत गेल्यावर समोरच्या मुलीनं नम्रपणे विचारलं, "पेशंट एल्लि इदारी?" म्हणजे पेशंट कुठं आहेत. मी खोक्याकडे बोट दाखवलं. त्यानंतरचं सांगत नाही. रिक्षावाला मात्र शेवटपर्यंत मलाच समजावत होता की खोकं घेऊन लोक धारवाडहून जातात, धारवाडला येत नाहीत.

खऱ्या प्रयोगशाळेतल्या डॉक्टरीणबाई गदगकडच्या, माझ्या मुलीच्या वयाच्या. मी कन्नडात सुरू करायची, अडखळले की त्या मराठीत उत्तर द्यायच्या, असं आमचं चाललं. त्यांनी मास्क लावला, कोंबडी ट्रेमध्ये घेतली आणि उघडली. मानमोडीच्या रक्ताळलेल्या खुणा कुठंच नव्हत्या. फुप्फुस ठीक, काळीज ठीक. कोंबडी इतकी निरोगी की मेली कशाला असा प्रश्न पडावा. मग त्यांनी गळ्याखालची पिशवी, जिथं दाणे साठतात ती, कापली.

"नोड्री इल्लि," त्या म्हणाल्या. इकडं बघा.

मक्याच्या दाण्यांत पांढऱ्या अळ्या होत्या. मेलेल्या प्राण्यावर माश्या बसून होतात तशा. एक-दोन नाहीत, मूठभर.

तिथंच मला सगळं कळलं आणि तिथंच मला ओरडावंसं वाटलं. हा जिवाणू मातीत असतोच. मेलेला प्राणी पुरला की हवा न लागलेल्या त्या मांसात तो वाढतो आणि विष तयार करतो. अळ्या ते मांस खातात, त्यांना काही होत नाही. कोंबडीनं त्या अळ्या टिपल्या की तिचे पाय जातात, मग पंख, मग मान. विष नक्की तेच का, हे बघायला रक्ताचा नमुना बेंगळुरूला जाईल, म्हणाल्या. मी म्हटलं, जाऊ दे, पण आजचा दिवस मला पुरेसा आहे. कुठंतरी मेलेलं जनावर आहे आणि कोंबड्या तिथं उकरतायत.

रिक्षात बसल्यावर त्या सुबक आळ्यांचं नवेपण माझ्या डोक्यात आलं. अक्कानं नारळ कधी लावले?

पुन्हा रायापूर

अक्का शेडपाशी एकटी होती. तिला मोटारीनं घेऊन आलेले भावजी आत पाणी भरत होते. मी तिला बाजूला घेऊन विचारलं, मेलेल्या कोंबड्या कुठं टाकता?

"टाकतो कशाला? हे पुरतात की. एकेकीच्या जागी एकेक नारळ." आणि मग तिनंच सांगितलं. एवढी अंडी घातली तिनं, तिला उकिरड्यावर टाकायची काय, असं भावजी पहिल्याच कोंबडीच्या वेळी म्हणाले होते. आपण ती खात नाही, निदान झाडाला तरी लागू दे. हळदकुंकू वाहून पुरायची आणि वर रोप लावायचं. खाली मुरूम असल्यानं खड्डा खोल जात नाही, त्यांची पाठही दुखते. वीतभर माती, वर नारळाच्या शेंड्या.

कोंबडीपालन करणाऱ्या कुठल्याही माणसानं मेलेली कोंबडी जाळली असती, नाहीतर खोल चुन्याच्या खड्ड्यात घातली असती. मांस खाणाऱ्याच्या घरी तर पहिलीच कोंबडी वेळेवर कापून संपली असती. हा घोटाळा फक्त माझ्या भावजींनाच जमू शकतो.

मी एका आळ्यातली शेंडी बाजूला केली. माती उकरलेली होती, आणि आत अळ्या वळवळत होत्या. अक्कानं पाहिलं. ती शाळेत विज्ञान शिकवायची. तिला दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही.

 मग माझा हात धरून म्हणाली, "सुधी, त्यांना सांगू नकोस ग. उद्या गाडी येते. देऊन टाकते मी सगळ्या. खाद्याचा दोष म्हणून राहू दे."

"विषानं पडलेल्या कोंबड्या बाजारात देणार? आणि त्या शिवाजीअण्णाच्या नावानं आयुष्यभर बोटं मोडणार? अक्का, शुद्धीवर ये!"

"त्यांना झेपणार नाही."

"मग कोंबड्यांना झेपतंय का?"

या घरात खरं बोलायलासुद्धा मुहूर्त लागतो. दोन दिवसांचा वैताग माझ्या अंगात साचला होता, तो बाहेर पडायला वेळ लागला नाही. भावजी बादली घेऊन बाहेर आले आणि मी त्यांना सगळं सांगितलं, आळ्यातल्या अळ्यांपासून मानेपर्यंत. ते वकील, त्यामुळं त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला.

"सगळ्या?"

"पहिली कशानं मेली मला माहीत नाही," मी म्हटलं. "बाकीच्या तुम्ही पुरलेल्या कोंबड्यांनी मेल्या."

हे मी जितक्या कडक आवाजात बोलले तितकं बोलायला नको होतं, हे वाक्य पूर्ण व्हायच्या आत मला कळलं. भावजींनी बादली खाली ठेवली.  जाऊन मोटारीत बसले आणि दार लावून घेतलं.

पण काम थांबवून चालणार नव्हतं. गावातून दोन माणसं आणली, सगळ्या कोंबड्या आत कोंडल्या, आळी उकरून जे निघालं ते प्लॉटच्या कोपऱ्यात जाळलं, वर चुना पसरला. नारळाची रोपंही गेली. आजारी कोंबड्या वेगळ्या केल्या. यांना औषध असं फारसं नसतं. विष आतून धुऊन निघायला गुळाचं पाणी द्यायचं आणि शरीराला वेळ द्यायचा. पण मान टाकलेल्या कोंबडीला पिता येत नाही. भांड्यात चोच बुडाली तर ती बुडूनच मरेल. म्हणून एकानं मान हातात धरायची, दुसऱ्यानं थेंब थेंब सोडायचा, गिळलं की पुढचा. आम्ही दोघी अंधार पडेपर्यंत तेच करत बसलो. भावजी मोटारीतून उतरले नाहीत.

शनिवार

सकाळी आम्ही पोचलो तेव्हा दोन कोंबड्या गेलेल्या होत्या आणि एक उठून बसली होती. नवी एकही पडली नव्हती. मी अक्काला मिठी मारायला निघाले, तेवढ्यात फाटकाशी गाडी आली. गाडीबरोबर शिवाजीअण्णा स्वतः.

अक्का पुढं झाली, पण तिच्या आधी भावजी फाटकाशी गेले. आदल्या दुपारपासून ते माझ्याशी एक शब्द बोलले नव्हते. त्यांनी वकिली सगळी कन्नडात केली आणि महत्त्वाचं बोलायचं झालं की ते अजून कन्नडात शिरतात. फाटक धरून ते म्हणाले, "तप्प नंद ऐति, अण्णा." चूक माझी आहे. "निमदल्ल." तुमची नाही. मग मराठीत: "कोंबड्या विकायच्या नाहीत. तुमच्या मक्याला मी नावं ठेवली, त्याची क्षमा करा."

एवढं आयुष्य दुसऱ्याची चूक सिद्ध करण्यात गेलेल्या माणसानं, पंधरा मिनिटांच्या भाषणाशिवाय, ते सांगितलं. मला वाटलं होतं अण्णा हसतील, निदान टोमणा मारतील. त्यांनी फक्त विचारलं, "जगतील काय हो त्या?" आणि मी होय, बऱ्याचशा, म्हटल्यावर "मग चांगलं झालं की," म्हणून गाडी वळवायला लावली. जाताना पुन्हा वाकून म्हणाले, "चुकीनं होतंय साहेब. मनाला लावून घिऊ नका."

भावजींनी ते मनाला लावून घेतलंच. अक्का आत गुळाचं पाणी घेऊन बसली होती. मान टाकलेली एक तांबडी कोंबडी तिच्या मांडीवर होती आणि तिला दोन हात पुरत नव्हते. मी उठणार, तेवढ्यात तिनं यजमानांना हाक मारली.

"या की इकडं. मान धरा हिची."

ते दारात उभे राहिले. आत येईनात. हात धोतराला पुसत राहिले. मग अगदी हळू आवाजात विचारलं, "मी लावू काय हात?"

अक्का वर न बघता म्हणाली, "लावा की. तिला कुठं ठाऊक आहे."

ते खाली बसले आणि त्यांनी तिची मान तळहातावर घेतली.